जुन्या मोटारीचा डॅशबोर्ड: काटे आणि दिवे कसे तपासावेत



मोटार चालवणाऱ्याला सीटवर बसून इंजिनाच्या आतले काहीच दिसत नाही. तेलाचा दाब किती आहे, पाणी किती तापले आहे, टाकीत पेट्रोल किती उरले आहे, बॅटरी चार्ज होते आहे की नाही, हे सर्व त्याला डॅशबोर्डवरचे दोन-तीन काटे आणि चार-पाच छोटे दिवे सांगतात. ते खरे सांगत असतील तर गाडी घाटात सुरक्षित राहते. खोटे सांगत असतील तर इंजिन जळेपर्यंत चालकाला पत्ता लागत नाही.

आमच्या शाळेच्या गाड्यांच्या शेडमध्ये चाळीस वर्षांहून जुनी एक पेट्रोल मोटार आहे. ती रस्त्यावर जात नाही. ऑटोमोबाइल क्लबचे कॅडेट तिच्यावर शिकतात. या वर्षी तिच्या डॅशबोर्डवर भरवसा ठेवता येईना. सत्राच्या शेवटी होणाऱ्या तपासणीत मीटर आणि दिवे नीट चालले नाहीत, तर तिला ‘कंडम’ ठरवून मोडीत काढायचे, असे ठरले होते. आमचे उस्ताद सेनेच्या ईएमई म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि मेकॅनिकल इंजिनिअर्स कोअरमधून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी आम्हा चौघांच्या गटाला हे काम दिले आणि एकच सूत्र सांगितले: “पहले देखो, फिर नापो, फिर हाथ लगाओ.” म्हणजे आधी नीट पाहा, मग मोजा आणि शेवटी हात लावा. या लेखात मी त्याच क्रमाने जाणार आहे.

सर्किट कसे असते

घरात प्रत्येक दिव्याला दोन वायरी जातात. मोटारीत बहुतेक ठिकाणी एकच वायर दिसते. परतीचा मार्ग गाडीची लोखंडी बॉडीच असते. बॅटरीचे एक टोक जाड केबलने बॉडीला जोडलेले असते, त्याला अर्थ म्हणतात. आजच्या गाड्यांत बॅटरीचे निगेटिव्ह टोक अर्थ असते. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह टोक अर्थ असे. म्हणून जुन्या गाडीवर काम करताना हे पहिल्यांदा पाहून घ्यावे.

पेट्रोलच्या काट्याचे सर्किट असे असते: बॅटरी, इग्निशन स्विच, फ्यूज, मीटर, मागे टाकीपर्यंत जाणारी वायर, टाकीतला सेंडर आणि तिथून बॉडीमार्गे परत बॅटरी. या साखळीतला कोणताही सांधा गंजला की काटा चुकतो. वायर मध्येच तुटण्यापेक्षा सांधा खराब होण्याचे प्रमाण जास्त असते, कारण पाणी, धूळ आणि हादरे यांचा मार सांध्यांनाच बसतो.

अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत वायरींचे रंग ठरलेले असत आणि आमच्या मोटारीतही तेच होते. काळी वायर अर्थची. पांढरी इग्निशन स्विचमधून येणारी. हिरवी त्याच पुरवठ्याची, पण फ्यूजनंतरची. हिरव्यावर काळी रेघ पेट्रोलच्या सेंडरची, हिरव्यावर निळी रेघ तापमानाच्या सेंडरची. पांढऱ्यावर तपकिरी रेघ ऑइल प्रेशरच्या दिव्याची आणि लालवर पांढरी रेघ डॅशबोर्डच्या उजेडाच्या दिव्यांची. हे रंग पाठ असले की डॅशबोर्डमागचा गुंता वाचता येतो. मात्र जुन्या गाडीत कोणीतरी मधेच भलत्या रंगाची वायर जोडलेली असू शकते. म्हणून रंगाने ओळखावे आणि मोजून खात्री करावी.

सुरक्षिततेचे नियम

१. डॅशबोर्डमागे हात घालण्यापूर्वी बॅटरीची केबल काढावी. बॉडीला जोडलेली केबल आधी काढायची आणि शेवटी लावायची. दुसरी केबल आधी काढायला गेलो आणि पाना बॉडीला टेकला, तर मोठी ठिणगी पडते.
२. हातातले घड्याळ, कडे, अंगठी काढून ठेवावी.
३. फ्यूज बदलताना त्यावर लिहिलेल्याच अँपिअरचा घालावा. चांदीचा कागद किंवा तार गुंडाळू नये. फ्यूज वितळतो म्हणून वायर वाचते.
४. टाकीवरचा सेंडर काढायचे काम उघड्या हवेत, बॅटरी सोडवून आणि मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच करावे. पेट्रोलच्या वाफेला एक ठिणगी पुरते.
५. गाडी किती व्होल्टची आहे ते पाहावे. बहुतेक मोटारी १२ व्होल्टच्या, तर अनेक लष्करी वाहने २४ व्होल्टची असतात. १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प २४ व्होल्टवर लावला की लगेच उडतो.

हत्यारे फार लागत नाहीत. एक मल्टिमीटर, १२ व्होल्टच्या ५ वॅट बल्बला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प, पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, पाने-स्क्रूड्रायव्हर आणि वही-पेन्सिल. वही सर्वांत उपयोगी पडली.

पहिली पायरी: पाहणे

आम्ही कशालाही हात न लावता आधी लक्षणे लिहून काढली.

पहिले लक्षण: दिवे बंद असताना पेट्रोल आणि तापमान हे दोन्ही काटे ठीक वाटत. डॅशबोर्डचे दिवे लावले की दोन्ही काटे हळूहळू वर चढत.
दुसरे: डॅशबोर्डचे दिवे मंद होते. वळण्याचा इंडिकेटर लावला की त्याच्या तालावर तेही लुकलुकत.
तिसरे: ऑइल प्रेशरचा लाल दिवा कधीच लागत नसे. चावी फिरवली तरी नाही.
चौथे: पेट्रोलचा काटा अर्ध्या टाकीच्या आसपास अचानक शून्यावर पडे आणि पुन्हा वर येई.

आता विचार करायचा तो असा: एकच वस्तू बिघडली आहे की अनेक? एकच काटा बंद असेल तर दोष त्या काट्याच्या सर्किटमध्ये. अनेक काटे आणि दिवे एकदम बिघडले असतील, तर त्या सर्वांना सामाईक असलेली जागा शोधावी. पेट्रोल टाकी आणि इंजिन गाडीच्या दोन टोकांना आहेत. दोन्हीकडचे सेंडर एकाच दिवशी, तेही फक्त दिवे लावल्यावर बिघडतील, हे पटण्यासारखे नाही. म्हणून पहिल्या दोन लक्षणांचे मूळ एकच असावे, असे आम्ही वहीत लिहिले.

दुसरी पायरी: मोजणे

सुरुवात बॅटरीपासून केली. इंजिन बंद असताना पूर्ण चार्ज बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना अल्टरनेटर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट देतो. आमचे दोन्ही आकडे ठीक आले. मग फ्यूज. फ्यूज नुसता डोळ्यांनी पाहू नये. चावी चालू करून टेस्ट लॅम्पचे एक टोक बॉडीला आणि दुसरे फ्यूजच्या आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला लावावे. एका बाजूला लागला आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर फ्यूज गेला किंवा त्याचे क्लिप गंजले. आमचा लॅम्प दोन्हीकडे लागला.

नंतर अर्थ. इथे बरेच जण मल्टिमीटर ओहमवर ठेवून मोजतात. ते पुरेसे नाही. दहा धाग्यांच्या वायरीचा एकच धागा शिल्लक असला तरी ओहममध्ये ती जवळजवळ चांगलीच दिसते, कारण मीटर अगदी थोडी विद्युतधारा सोडतो. खरी परीक्षा भार असताना होते. म्हणून मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवला, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, दुसरे डॅशबोर्डच्या मीटर पॅनेलच्या धातूला लावले आणि डॅशबोर्डचे दिवे लावले. चांगल्या अर्थमध्ये हा आकडा शून्याच्या अगदी जवळ, फार तर ०.१ किंवा ०.२ व्होल्ट असावा. आमच्याकडे १.६ व्होल्ट आला.

या आकड्याचा अर्थ दहावीच्या भौतिकशास्त्राने कळतो. पॅनेलवर २.२ वॅटचे ५ बल्ब आहेत, म्हणजे एकूण ११ वॅट. ११ भागिले १२ म्हणजे सुमारे ०.९ अँपिअर. बल्ब मंद जळत होते म्हणून ०.८ धरू. ओहमच्या नियमाप्रमाणे १.६ भागिले ०.८ बरोबर २ ओहम. म्हणजे जिथे रोध जवळजवळ शून्य हवा, तिथे २ ओहम बसला होता. बल्बांना १२ ऐवजी १०.४ व्होल्टच मिळत होते. तापतंतूच्या बल्बाचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगाने घटतो, म्हणून ते एवढे मंद दिसत. इंडिकेटरचा हिरवा बल्बही याच पॅनेलमधून अर्थ घेतो. तो लागला की खराब सांध्यातून जास्त धारा जाते, बाकीच्या बल्बांच्या वाट्याला आणखी कमी व्होल्ट येतात आणि ते लुकलुकतात.

काटे वर का चढले?

हा भाग मला सर्वांत आवडला. या मोटारीचे काटे द्विधातू पट्टीवर चालतात. दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून त्यांच्याभोवती बारीक तार गुंडाळलेली असते. तारेतून धारा गेली की पट्टी तापते, दोन्ही धातू कमी-जास्त प्रसरण पावतात, पट्टी वाकते आणि काटा सरकतो. म्हणून हे काटे सावकाश चढतात. चावी फिरवताच काटा झटकन उडाला, तर तो चुंबकीय प्रकारचा समजावा.

द्विधातू काट्यांची एक अडचण आहे. बॅटरी कधी १२ व्होल्ट, तर इंजिन चालू असताना १४ व्होल्ट देते. मग इंजिन सुरू केले की टाकीत पेट्रोल वाढल्यासारखे दिसेल. यावर उपाय म्हणून १९६० आणि १९७० च्या दशकांतल्या अनेक ब्रिटिश गाड्यांत व्होल्टेज स्टॅबिलायझर नावाची काडेपेटीहून लहान डबी बसवत. तिच्या आतही एक द्विधातू पट्टी आणि तापणारी तार असते. पट्टी तापली की संपर्क तुटतो, निवली की जुळतो. अशी सतत उघडझाप होऊन काट्यांना सरासरी सुमारे १० व्होल्ट मिळतात. तिच्या बाहेर जाणाऱ्या टोकाला टेस्ट लॅम्प लावला तर तो मिचकावतो. डिजिटल मल्टिमीटर तिथे वर-खाली उड्या मारतो. तो बिघाड समजू नये.

या डबीतल्या तारेलाही अर्थ लागतो आणि तो तिला मीटर पॅनेलमधूनच मिळतो. पॅनेलचा अर्थ १.६ व्होल्टने वर उचलला गेला की तार कमी तापते. पट्टी उशिरा वाकते, संपर्क जास्त वेळ जुळलेला राहतो आणि काट्यांना सरासरी १० पेक्षा जास्त व्होल्ट जातात. काट्यांचा स्वतःचा अर्थ टाकी आणि इंजिनापाशी चांगला होता, म्हणून दोन्ही काटे वर चढले. डबीचा अर्थ पूर्ण तुटला असता तर दोन्ही काटे टोकाला जाऊन बसले असते. हे जमले आणि आमचा वहीतला अंदाज खरा ठरला.

तिसरी पायरी: हात लावणे

बॅटरी सोडवून पॅनेल पुढे ओढले. काळ्या वायरीचे लग एका स्क्रूखाली होते. स्क्रू हाताने फिरत होता आणि लगखाली हिरवट गंज व जुन्या रंगाचा थर होता. लग, स्क्रू आणि बॉडीची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, दातेरी वॉशर घालून घट्ट आवळली आणि वर थोडे व्हॅसलीन लावले, म्हणजे ओल लागणार नाही. पुन्हा तीच मोजणी केली: ०.०५ व्होल्ट. दिवे उजळले, लुकलुक थांबली, काटे जागेवर राहिले. एकही सुटा भाग विकत घ्यावा लागला नाही.

पेट्रोलचा काटा मात्र अर्ध्यावर पडतच होता. आता दोष एकाच काट्यात होता, म्हणून त्याचे सर्किट दोन भागांत तोडले. टाकीजवळ सेंडरची वायर काढली आणि चावी चालू केली. काटा खालीच राहिला. मग त्या वायरीला टेस्ट लॅम्प जोडून लॅम्पचे दुसरे टोक बॉडीला लावले. काटा वर चढू लागला. याचा अर्थ मीटर आणि वायर ठीक, दोष सेंडरमध्ये. इथे दोन सूचना. वायर थेट बॉडीला टेकवून धरू नये, मीटरची बारीक तार जळू शकते. लॅम्प मध्ये असला की धारा मर्यादेत राहते. दुसरे, काही गाड्यांत याच्या उलट असते: वायर सुटली की काटा ‘भरलेली’ दाखवतो. आपली गाडी कोणत्या पद्धतीची आहे ते पुस्तिकेत पाहावे.

सेंडर उस्तादांनी स्वतः काढला. त्यात फ्लोटची दांडी एका रोधपट्टीवर घासत सरकते. मल्टिमीटर ओहमवर ठेवून दांडी हळू फिरवली. आकडा एकसारखा बदलत गेला आणि मध्यावर मात्र सर्किट तुटल्यासारखे दाखवू लागला. पट्टी तिथे झिजली होती. इथे सेंडर बदलण्यावाचून मार्ग नव्हता.

लाल दिवा

शेवटचे लक्षण सर्वांत गंभीर होते. ऑइल प्रेशरचा दिवा चावी फिरवली की लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर काही सेकंदांत विझला पाहिजे. इंजिनावर बसवलेला स्विच दाब नसताना जुळलेला असतो आणि दाब आला की उघडतो. दिवा चावी फिरवल्यावरही लागत नसेल, तर ‘सर्व ठीक आहे’ असे समजू नये. निरोप आणणारा माणूसच गायब आहे, असा त्याचा अर्थ.

तपासणी सोपी आहे. स्विचची वायर काढून इंजिनाच्या धातूला टेकवावी. दिवा लागला तर बल्ब आणि वायर ठीक. आम्ही स्विचपाशी गेलो, तर वायर आधीच काढलेली होती आणि तिच्या टोकावर काळी टेप नीट गुंडाळलेली होती. टेप सोडून टोक धातूला टेकवले, दिवा लखकन लागला. वायर स्विचला जोडून इंजिन सुरू केले, तर दिवा विझेना. उस्तादांनी ताबडतोब इंजिन बंद करायला लावले. चालू इंजिनात हा दिवा लागलेला असेल तर वायरीला दोष देत बसायचे नाही. आधी इंजिन बंद, मग तेलाची पातळी, मग बाकी सगळे. तेल पुरेसे होते. स्विचच्या जागी तात्पुरता यांत्रिक प्रेशर गेज लावून पाहिले, दाब पुस्तिकेतल्या मर्यादेत होता. म्हणजे स्विच खराब. नवा स्विच बसवला. त्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नये, कारण स्विचला अर्थ त्या आट्यांमधूनच मिळतो.

पूर्वी कधीतरी दिवा सारखा लागतो म्हणून कोणीतरी वायर काढून टेप लावली असावी. त्या माणसाचा त्रास संपला, पण त्यानंतर खरोखर तेल संपले असते तरी कोणालाच कळले नसते. मला तो टेपचा तुकडा विसरता येत नाही. इशारा चुकीचा वाटला तरी तो तपासून खोटा ठरवावा लागतो, गप्प करून चालत नाही. पहाऱ्यावरचा संत्री दोन वेळा उगाच ‘थम’ म्हणाला म्हणून त्याला पहाऱ्यावरून काढून टाकत नाहीत.

चार्जिंगच्या लाल दिव्याबद्दलही थोडे सांगतो. तो दोन बाजूंच्या व्होल्टेजमधील फरकावर लागतो. एका बाजूला इग्निशन, दुसऱ्या बाजूला अल्टरनेटर. दोन्हीकडे समान व्होल्टेज आले की विझतो. इंजिन चालू असताना अगदी मंद दिसत असेल तर थोडा फरक उरला आहे, म्हणजे सांधे किंवा अल्टरनेटर तपासावा. अनेक अल्टरनेटरना सुरुवातीची धारा याच बल्बातून मिळते, म्हणून हा बल्ब गेला तर चार्जिंगही सुरू न होण्याची शक्यता असते.

तपासणीच्या दिवशी मोटार उत्तीर्ण झाली आणि शेडमध्येच राहिली. पुढच्या तुकडीचे कॅडेटही तिच्यावर शिकतील. मी सुटीत गावी गेलो तेव्हा काकांच्या जुन्या ट्रॅक्टरवर चावी फिरवून आधी लाल दिवे लागतात का ते पाहिले. पालकहो, हे तुम्हीही रोज करू शकता. त्याला हत्यार लागत नाही आणि पाच सेकंद पुरतात.

लक्षात ठेवण्यासाठी

सर्व काटे एकदम बंद: फ्यूज, इग्निशनचा पुरवठा, स्टॅबिलायझर.
दोन्ही काटे एकदम जास्त: स्टॅबिलायझर किंवा त्याचा अर्थ.
एकच काटा चुकीचा: सेंडर, त्याची वायर, त्याचा अर्थ, शेवटी मीटर.
एक दिवा लावला की दुसरा लुकलुकतो: सामाईक अर्थ.
डॅशबोर्डचे सर्व दिवे मंद, पण अर्थ ठीक: उजेड कमी-जास्त करणारे बटण. ते दहा-बारा वेळा पुढे-मागे फिरवून पाहावे.
इंडिकेटरची उघडझाप थांबली किंवा मंदावली: जुन्या थर्मल फ्लॅशरमध्ये बहुधा एक बल्ब गेलेला असतो.

स्वाध्याय

१. पॅनेलवर २.२ वॅटचे ५ ऐवजी ३ बल्ब असते आणि अर्थचा रोध १ ओहम असता, तर पॅनेल आणि बॅटरीच्या निगेटिव्ह खांबामध्ये अंदाजे किती व्होल्ट दिसले असते?
२. ऑइल प्रेशर स्विचची वायर काढून हवेत धरली, तरी दिवा लागलेलाच आहे. दोष कुठे असेल?
३. तापमानाचा काटा बरोबर आहे, पेट्रोलचा काटा टाकी भरलेली असतानाही खालीच आहे. पहिली मोजणी कोणती कराल आणि का?

उत्तरे वहीत लिहा आणि क्लबच्या वेळेत शेडमध्ये या. पडताळून पाहायला मोटार तिथे आहेच.